फडात जन्मलेल्यांचे नागरिकत्व

बीडच्या कोर्टात माझी वकिली बरीचशी जन्मतारखांवर चालते. दिवाळी उरकली की जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या निघतात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, झालेल्या बाळंतपणाची नोंद अनेकदा ना फडाच्या गावात होते, ना घरच्या. मग शाळेत गुरुजी 1 जून लावून मोकळे.

नागरिकत्वाचा विषय निघाला की पक्षकार हमखास विचारतो, "वकीलसाहेब, आपण हिंदू, आपल्याला तर सूट आहे ना?" नाही. नागरिकत्व कायद्यातली 2019 ची दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी आहे. तिचा लाभ घ्यायला शिरूर कासारच्या ऊसतोड्याने आपण लाहोरहून आलो असे सांगायचे का? तहसीलच्या रांगेत कागद नसलेला वंजारी आणि कागद नसलेला मुसलमान मागेपुढेच उभे असतात.

धर्म पाहून नागरिकत्व द्यावे, ही मागणी जुनी आहे आणि ती एका मराठी माणसानेच मांडली होती. ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत पंजाबराव देशमुखांनी दुरुस्ती सुचवली: दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख भारतीय नागरिकत्वाला पात्र असावा. नुसत्या जन्मावर नागरिकत्व देण्यालाही त्यांचा विरोध होता. प्रवासात काही तास मुंबईत थांबलेल्या परक्या जोडप्याच्या मुलाचे उदाहरण त्यांनी दिले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, त्यामुळे त्यांची चिंता मी हसण्यावारी नेणार नाही. सभेने मात्र ती दुरुस्ती फेटाळली.

परका कोण, हे सरकारने ठरवले की काय होते, ते मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या अरबांना परके मानून छावण्यांत डांबले, काहींना बाहेर धाडले. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. चाऊस आडनावाची अरबी वंशाची घराणी मराठवाड्यात आजही आहेत.

छळ सोसून आलेल्या सिंधमधल्या हिंदूला आसरा मिळालाच पाहिजे. पण मग विचारायचे ते छळाबद्दल. पाकिस्तानातला अहमदिया 2019 च्या दुरुस्तीत बसत नाही, आणि श्रीलंकेतून आलेला तमिळ हिंदूही बसत नाही. हिंदूंसाठीचा कायदा म्हणावा, तर तेही पुरते खरे नाही.

माझ्या पक्षकारांना खरी झळ बसते ती दुसऱ्याच दुरुस्त्यांची. 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्याला आई किंवा बाप भारतीय असल्याचे दाखवावे लागते. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्याचा एक पालक नागरिक असला तरी भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित असून चालत नाही. म्हणजे पोराचा हक्क आईबापाच्या कागदांवर, आणि आईबाप 1 जूनवाले. वर्ष उलटून गेलेल्या जन्माच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा. त्यानंतरच्या हंगामांत कोपीत झालेली लेकरे अजून पहिलीलाही गेलेली नाहीत. त्यांची नोंद कारखान्याच्या गावातच, हंगाम संपायच्या आत झाली पाहिजे.