दोन नावांचं दुकान

मे महिन्यात आमच्या सत्तरीतल्या घराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. सुपं, चटया, जुन्या चादरी, मिळेल त्यावर भिरंडांच्या साली वाळत असतात. फळ फोडायचं, बिया-गर वेगळा काढायचा, साल उन्हात टाकायची, संध्याकाळी मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात. पाच-सहा दिवस हा खेळ चालला की काळीशार सोलां तयार होतात. बियांचं भिरंडेल, उरलेल्या रसाचं आगळ. काही म्हणजे काही फुकट जात नाही. हात मात्र महिनाभर जांभळे.

हे सगळं आमच्या वहिनींचं राज्य. दादा २०२० मध्ये गेला. त्यानंतर वहिनींनी घरापुरती होणारी सोलां विकायला सुरुवात केली. आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पावसाळ्याआधीच्या पुरुमेंताच्या गर्दीत. मग पुण्या-मुंबईची ओळखीची माणसं फोनवर मागू लागली, त्यांच्या ओळखीची त्यांच्यामागून. पैसे यूपीआयने यायचे. वहिनींच्या फोनवर टुण्ण वाजलं की त्या वहीत लिहायच्या. २०२२ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी साडेतीनशे रुपये तीनदा आले आणि ऑर्डरी होत्या पाच. कोणाचे आले, कोणाचे नाही? प्रत्येकाला फोन करून "तुमचे पैसे पोचले का हो?" असं विचारणं म्हणजे घेणेकऱ्यानेच अवघडून जाण्यासारखं. वर एकाने चौदाशे रुपयांचा स्क्रीनशॉट पाठवला, माल गेला, पैसे कधी आलेच नाहीत. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत हे ज्ञान आम्हाला चौदाशे रुपयांना पडलं.

पुतण्या इंजिनीयरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, रीतसर वेबसाइट करू. पेमेंट गेटवे घेऊ." वेबसाइट त्याने वर्डप्रेस आणि वूकॉमर्स वापरून चार रात्रींत उभी केली. गेटवेला अडीच महिने लागले. तीच हकिगत सांगायची आहे. मात्र दुकानाचं नाव इथे लिहिणार नाही. मी सरकारी कारकून. आमच्या वर्तणूक नियमांत १५ वा नियम आहे. घरातलं माणूस धंदा करत असेल तर खात्याला कळवा, आणि स्वतः त्याची जाहिरात करत फिरू नका. नियमातलं 'कुटुंब' वहिनीपर्यंत पोचतं की नाही यावर आमच्या सेक्शनमध्ये दोन दिवस चर्चा झाली. मी आपला कळवून मोकळा झालो.

आता गेटवे म्हणजे काय? माझ्या पिढीला व्हीपीपी आठवत असेल. वडील पुण्याहून पुस्तकं मागवायचे. पोस्टमन पार्सल घेऊन यायचा, पैसे मोजून घ्यायचा, तेव्हाच पार्सल हातात द्यायचा. पैसे मागाहून मनीऑर्डरने प्रकाशकाकडे जायचे. घेणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखत नसले तरी दोघेही पोस्टाला ओळखत. गेटवेवाला म्हणजे हा पोस्टमन. गिऱ्हाईक कार्डाने, यूपीआयने किंवा नेटबँकिंगने पैसे भरतं, ते आधी मधल्या कंपनीच्या बँकेतल्या एस्क्रो खात्यात जातात, आणि साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत दुकानदाराच्या खात्यात येतात. खरं तर असे पैसे हाताळणाऱ्याला रिझर्व्ह बँक 'पेमेंट अ‍ॅग्रिगेटर' म्हणते. नुसती तांत्रिक वाट पुरवतो तो गेटवे. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हा भेद केलेला आहे. पण बाजारात सगळ्यांनाच गेटवे म्हणतात, आपणही म्हणू.

हमाली किती? आमच्याशी ठरली ती दोन टक्के. चारशेच्या ऑर्डरवर ८ रुपये, त्या ८ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ४४ पैसे. हातात ३९० रुपये ५६ पैसे. वहिनींनी हे वहीच्या मागच्या पानावर दोनदा मांडून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हापशाला जायचं तर बसभाड्यालाच याहून जास्त जातात." झालं, मंजूर!

अर्ज भरला. पॅन, बँक खातं, पत्ता, खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी. जीएसटीची नोंदणी आपल्याला नको असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, कारण उलाढाल ती किती! पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, हे एका कर सल्लागाराने मला सांगितलं. गोव्यासारख्या राज्यात, जिथे दोन डोंगर ओलांडले की परराज्य लागतं, तिथे हा नियम फारच लवकर आडवा येतो. असो.

वेबसाइटवर पाच पानं हवीत असंही कळलं: अटी, गोपनीयता, परतावा, माल कसा-कधी पाठवणार आणि संपर्क. पुतण्याने कुठूनतरी इंग्रजी मजकूर आणून चिकटवला. परताव्याच्या पानावर वहिनी अडल्या. "सोलां परत घेऊन मी काय करू?" मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: पाकीट फोडलं असेल तर परत घेणार नाही, बुरशी दिसली तर फोटो पाठवा, पैसे परत देईन, सोलां परत पाठवू नका. मला वाटलं, हे काही चालायचं नाही. ते एकच पान बिनतक्रार पास झालं!

आणि मग अर्ज परत आला. 'त्रुटींमुळे परत.' कुठली त्रुटी? 'नावात तफावत.' बस, एवढंच. तुम्हाला सांगतो, मी वीस वर्षं लोकांचे अर्ज नेमक्या ह्याच शब्दांत परत पाठवत आलो आहे. पलीकडच्या माणसाचं त्या चार शब्दांवर काय होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फोन केला तर तिकडची मुलगी अदबीने म्हणाली, "सर, मेलमध्ये सगळं लिहिलं आहे." हेही वाक्य माझंच.

तफावत कशी कळते त्यांना? ते तुमच्या खात्यात एक रुपया टाकतात. पैसे पोचले की खातं कोणाच्या नावावर आहे ते बँकेकडून कळतं, आणि ते नाव पॅनवरच्या नावाशी ताडून पाहतात. वहिनींचा एक रुपया आला, पण नावं दोन निघाली.

पॅन लग्नाआधीचं. वहिनी तेव्हा एका शाळेत शिकवत होत्या. त्यावर माहेरचं नाव. बँकेचं खातं दादाबरोबरचं, त्यावर सासरचं. आधार, रेशनकार्ड सासरच्या नावाने. दहावीचा दाखला माहेरचा. नुसतं आडनाव नाही, आमच्यात सगळं नावच बदलतात. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दादाने लिहिताना एक अक्षर पुसून पुन्हा लिहिलं होतं, आम्ही पोरं हसलो होतो. बावीस वर्षं आम्ही त्यांना त्याच नावाने ओळखतो. पण गोव्यात खरं लग्न आधी नोंदणी कार्यालयातल्या सह्यांनी होतं, आणि तिथल्या दाखल्यावर वहिनींचं माहेरचंच नाव आहे. तांदळातल्या नावाची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही.

त्यात ते साल २०२३. पॅनला आधार जोडायची शेवटची तारीख ३० जून, हजार रुपये विलंबशुल्कासह. नावं जुळत नाहीत म्हणून जोडणी होईना, आणि जोडणी झाली नाही तर पॅनच निष्क्रिय. म्हणजे गेटवेचं निमित्त, दुखणं आधीचंच.

दोन वाटा होत्या. पॅनवर सासरचं नाव आणायचं, तर गोव्याच्या नावबदलाच्या कायद्याने रीतसर नाव बदलून, राजपत्रात छापून आणून मग पुढे. त्यात पावसाळा संपला असता. किंवा पॅनचा पुरावा दाखवून आधारवर माहेरचं नाव आणायचं, ५० रुपये फी, मग जोडणी, मग बँक. दुसरी वाट सोपी. मी कारकून, मी जेवताना सरळ सांगून टाकलं, "वहिनी, तुम्ही माहेरचं नाव घ्या. महिनाभरात काम होईल."

कोणी काही बोललं नाही. आईने ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तो गेला, आता त्याने ठेवलेलं नावसुद्धा पुसायचं?" मी म्हणालो, "आई, हे कागदापुरतं आहे." आई म्हणाली, "तुझं सगळं कागदापुरतंच असतं."

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. फाइलीत नाव चुकलेलं असलं की मी लाल पेनाने गोल करतो. त्या गोलाच्या आत कोणी राहत असेल असा विचार मी केलेला नाही.

वहिनी दोन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सोलां उलटी करता करता म्हणाल्या, "भावजी, त्या फॉर्मात दुकानाचं नाव वेगळं आणि मालकाचं वेगळं असं चालतं ना?" चालतं. गिऱ्हाइकाला पैसे भरताना दिसतं ते दुकानाचं नाव, बँकेला आणि कराला लागतं ते मालकाचं. "मग मालक मी माझ्या बापाच्या घरची राहते," त्या म्हणाल्या, "आणि दुकानाला ह्यांनी लिहिलं ते नाव द्या." पुतण्याने काही न बोलता तोपर्यंत केलेला लोगो पुसला आणि नवा करायला घेतला.

आईला हे मी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही.

पुढचं भराभर सांगतो. आधार बदललं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पॅन जोडलं गेलं, बँकेने चार सह्या घेऊन नाव बदललं. एक रुपया पुन्हा आला आणि ह्या वेळी नाव जुळलं. मग पुतण्याच्या हाती दोन किल्ल्या आल्या, एक उघड आणि एक गुप्त. गुप्त किल्ली त्याने मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तपासून बघ म्हणून! त्याला चार शब्द सुनावले, आणि ती रद्द करून नवी काढायला लावली. ती किल्ली ज्याच्याकडे तो दुकानाच्या नावाने व्यवहार करू शकतो. आधी टेस्ट मोडमध्ये खोट्या कार्डाने खोटी खरेदी केली. ४ आणि नंतर नुसते १, असा त्या कार्डाचा सोळा आकडी नंबर. वहिनींना त्याची फार मजा वाटली. त्यांनी अकरा किलो सोलां स्वतःलाच विकली.

खरी पहिली ऑर्डर वडोदऱ्याहून आली, आणि तिथेच घोटाळा झाला. बाईंचे पैसे कापले गेले, आमच्याकडे ऑर्डर मात्र 'पेमेंट बाकी' दाखवत होती. दोन दिवसांनी त्यांचा रागावलेला फोन. कारण असं की, पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाचा ब्राउझर आपल्या वेबसाइटवर परत येईल आणि निरोप देईल, ह्यावर पुतण्या विसंबला होता. त्यांची रेंज मध्येच गेली, निरोप वाटेत राहिला. उपाय म्हणजे वेबहुक. गेटवे आपल्या वेबसाइटला परस्पर कळवतो की पैसे मिळाले, गिऱ्हाइकाचा फोन चालू असो वा बंद. मी म्हणालो, अरे, ही तर आमची पोच! अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावर आवक-रजिस्टर कोण लिहितं? वडोदऱ्याच्या बाईंना पाव किलो सोलां जास्त पाठवली. त्या आता दर वर्षी मागवतात.

जुलैत एक दिवस मी घरी होतो. पोस्टमन छत्री मिटत पडवीत आला, हातात बँकेचं पाकीट, नवं डेबिट कार्ड. तो आमच्या गावात पंधरा वर्षं येतो, घराघरातली माणसं ओळखतो. पाकीट उलटसुलट करून त्याने आईला विचारलं, "हें नांव कोणाचें?" मी पुढे होऊन सांगणार इतक्यात आई उठली.

"आमचे सुनेचें," ती म्हणाली, आणि वहिनींना हाक मारली. माहेरच्या नावाने नव्हे, नेहमीच्याच. वहिनी आतून हात पुसत आल्या आणि पोस्टमनच्या कागदावर सही केली. सही करताना पेन जरा थांबलं, बावीस वर्षांची सवय.

आईने पोस्टमनला पाटावर बसवून सोलकढी दिली.