धुरीचे सहा तास

दिवाळी अंकात अनारसे-चकल्यांच्या पंगतीला डुकराच्या बरगड्या आलेल्या पाहून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे. आमची अक्का असती तर तिने हा अंक माळ्यावरच टाकला असता.

अक्काचा एकुलता एक विन्या कॅन्सस सिटीला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे त्याच्याकडे होतो. पहिला आठवडा आमचे बोलणे हवामानापलीकडे गेले नाही. शनिवारी मात्र तो म्हणाला, "मामा, येतोस का खाटकाकडे?"

दुकान कसले, दवाखानाच तो! तेथे कळले की बरगडी ही एक नव्हे. कण्यालगतची ती 'बेबी बॅक' : आखूड, वाकडी, कमी चरबीची. नाव ऐकून मला कोवळ्या पिलाची कणव आली. पण ते 'बेबी' केवळ आखूडपणाचे, जनावर चांगले वाढलेलेच असते. पोटाकडची ती 'स्पेअर रिब' : लांब, सपाट, चरबीदार. तिच्या छातीकडचा हाडाचा नि कूर्चेचा भाग छाटून चौकोनी पट्टी केली की झाली 'सेंट लुईस'. छाटलेले तुकडेही वाया जात नाहीत. शिकागोत त्यांचे खास शौकीन आहेत. समासांचे इतके पोटप्रकार पाडणारे वैयाकरण मी पाहिले आहेत, खाटीक प्रथमच पाहिला.

विन्याने सेंट लुईस घेतली. चरबीमुळे ती कोरडी पडत नाही आणि सपाट असल्याने सगळीकडे सारखी शिजते. घरी येताच हाडांच्या बाजूचा पापुद्रा त्याने बोथट सुरीने उचकटला, कागदी रुमालाच्या चिमटीत धरला आणि एका ओढीत सोलला. तो राहिला तर चामड्यासारखा दाताखाली येतो. मग मीठ, साखर, मिरपूड आणि लाल मिरचीची पूड चोळली. (मिरची मूळची अमेरिकेकडची, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. तिला तिकडे पाहून माहेरी गेलेल्या सुनेची गाठ पडल्यासारखे वाटले.)

अंगणातल्या कोळशाच्या भट्टीत हिकरीचे लाकूड. धग २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले १०७ सेल्सिअस. तीन तास नुसती धुरी, दोन तास ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, शेवटचा तास सॉस लावून. मांसातले चिवट कोलॅजन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला एवढा वेळ लागतोच. आच वाढवली की मांस आक्रसते.

"उघडून बघू या का?" मी विचारले.

"नको मामा, धग जाते. आई भाताचे झाकण उघडू द्यायची का कधी?"

तीन वर्षांत त्याने अक्काचे नाव माझ्यापुढे प्रथमच काढले. एप्रिल २०२० मध्ये ती गेली तेव्हा विमाने बंद होती. पुण्यात आम्ही चौघांनी सारे उरकले, अग्नी मी दिला, विन्याने ते फोनवर पाहिले. हे त्याला खुपत असेल असे मला सतत वाटे, पण विचारायचे कसे?

"तू होतास ते बरे झाले," भट्टीकडे पाहतच तो म्हणाला. "त्या रात्री झोप येईना. पहाटे उठून हीच पेटवली. काहीतरी सांभाळत बसायला हवे होते." मग तो बराच वेळ बोलला. अक्काची शेवटची चिठ्ठी, तिने पाठवलेले मेतकूट, अर्धवट राहिलेले भांडण. मी मधूनमधून हिकरीचा तुकडा तेवढा पुढे करीत होतो.

संध्याकाळी त्याने चिमट्याने पट्टी उचलली. ती वाकली, वरून किंचित भेगाळली, झाली म्हणायची. मांस हाडावरून आपोआप गळून पडले तर स्पर्धेतले परीक्षक ते जास्त शिजले म्हणतात. कडेचा गुलाबी पट्टा कच्चेपणाचा नव्हे, धुरातल्या वायूंनी आलेला. सॉस मात्र मला मानवला नाही. टोमॅटो नि काकवीचा तो दाट गोडवा कॅन्सस सिटीला लखलाभ! मेम्फिसची नुसत्या कोरड्या मसाल्याची रीत मला शहाणपणाची वाटते. विन्याने चार बरगड्या माझ्यासाठी तशाच ठेवल्या होत्या.

"पाचवी घे," तो म्हणाला, आणि माझ्या 'नको'ची वाट न पाहता वाढलीसुद्धा.