देवस् आणि थान

न्यायालयाच्या ओवरीत बसणारे टंकलेखक आम्ही वकिलीच्या आरंभी पाहिले आहेत. त्यांच्या यंत्रात एका वेळी एकच कागद असे. मध्येच कोणी काही विचारले, तर टंकलेखक मान वर करून बोले. बोटे मात्र त्याच कागदाची राहत. संगणकाने कागद अनेक केले आणि कळफलक एकच ठेवला. पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असोत, दाबलेली कळ त्यांपैकी एकीसच पोचते. तिच्याकडे ‘फोकस’ आहे असे म्हणतात. आमच्या भाषेत, कळफलकाचा कबजा तिच्याकडे आहे. बोटे चालू असताना हा कबजा बदलला तर काय होते, हा प्रश्न क्षुद्र वाटेल. पण तसा तो नाही.

देवनागरीत तर तो अधिकच बिकट होतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात ज्या इन्स्क्रिप्ट कळफलकास स्थान दिले, त्यावर ‘देवस्थान’ हा शब्द आठ कळांनी उमटतो : द, मात्रा, व, स, हलन्त, थ, काना आणि न. हलन्त दाबला की अक्षर पुढील व्यंजनाची वाट पाहत उभे राहते. इंग्रजी शब्द मध्ये तुटला तरी त्याची अक्षरे शाबूत राहतात. आपल्याकडे जोडाक्षरच दुभंगते.

अंबरपेठेतील आमच्या कचेरीत एका सायंकाळी आम्ही एका देवस्थानाच्या तडजोडीचा मसुदा लिहीत होतो. भांडण दक्षिणेकडील वाटेचे. नजर जुन्या दस्तावर, बोटे कळांवर. ‘देवस्’ इतके उमटले, आणि त्याच क्षणी संदेशांची खिडकी आपण होऊन पुढे आली. तीत प्रतिपक्षाच्या वकिलांशी तारखेविषयी चाललेले बोलणे उघडे होते. ‘थान वाटेसाठी बारा फूट सोडण्यास तयार आहे’ हे शब्द तिकडे गेले. आणि परिच्छेद संपला म्हणून दाबलेली एंटरची कळ तेथे रवानगीचा हुकूम ठरली. ते वकील तेलुगुभाषी, पण शाळेतल्या हिंदीमुळे त्यांस देवनागरी वाचता येते. उत्तर आले, ‘‘कौनसा थान साब, कपड़े का?’’ आम्हांस हसू आले नाही. थान कळला नसेल, बारा फूट बरोबर कळले होते. पक्षकाराने आठ फुटांपासून बोलणी सुरू करावयास सांगितले होते. बारा ही त्याची शेवटची हद्द. त्याच रात्री आम्ही त्यास सर्व कळविले. पुढील बैठकीत बोलणी बारापासूनच सुरू झाली.

यातील एक गंमत (आज गंमत म्हणावयाची) अशी : २०१२ साली विंडोज ८ येईपर्यंत प्रत्येक खिडकीची लेखनभाषा निराळी राहत असे. तीच व्यवस्था असती आणि त्या खिडकीत इंग्रजी चालू असती, तर तिकडे निरर्थक रोमन अक्षरे गेली असती आणि गुपित गुपितच राहिले असते. आता एकदा निवडलेली भाषा सर्व खिडक्यांस लागू होते. प्रत्येकीची वेगळी ठेवण्याची सोय अजून आहे, पण ती शोधून चालू करावी लागते.

गुरुचरित्राच्या पारायणास बसलेला मनुष्य दारात कोणी आले म्हणून अर्ध्या ओवीवर उठत नाही. ओवी पुरी करतो, खूण ठेवतो, मग उठतो. मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामनेही कबजा सुटताना असेच वागले पाहिजे. रोमन कळांनी उच्चारानुसार मराठी लिहिताना शब्द काही काळ अधोरेखित, अर्धवट असतो. खिडकी बदलताच तो मजकुरात स्थिर करावा की पुसावा? आमच्या मते स्थिर करावा. लिहिलेले टाकून देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा. दुसरी अडचण दाबलेल्या कळेची. आल्ट दाबून खिडकी बदलली, की कळ दाबल्याची वर्दी पहिल्या खिडकीस मिळते आणि सुटल्याची दुसरीस. पहिली बिचारी ती कळ दाबलेलीच आहे असे समजते, आणि आपण परतल्यावर साध्या अक्षरास आज्ञा मानून भलतेच काही करून बसते. म्हणून फोकस जाताच सर्व कळा सुटल्या असे तिने धरून चालावे.

पण उठणाऱ्याने मर्यादा पाळली तरी येणाऱ्याचे काय? लिनक्सवरील केडीईत अशा आगंतुक खिडक्यांस कमीअधिक कडकपणे अडविण्याची सोय आहे. विंडोजही मागे असलेल्या प्रोग्रामला सामान्यतः पुढे घुसू देत नाही. खालच्या पट्टीवर त्याचे चिन्ह तेवढे लुकलुकते. ‘सामान्यतः’ या शब्दात किती पळवाटा मावतात, हे वकिलास सांगावे लागत नाही. देवस्थानांचे कागद ज्या संगणकावर होतात, त्यावरून आम्ही संदेशांची खिडकी काढूनच टाकली आहे. तारखांचे बोलणे आता फोनवर होते, आणि मसुदा चालू असताना फोन कारकुनाच्या खोलीत असतो.