कॉलर आधी

दिग्दर्शनाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी दोनशे पानी वही घेऊन गेले. कोण कुठून येणार, कुठे थांबणार, लाइट कधी जाणार, सगळं ब्लॉकिंग तयार. मॅडमनी ती चाळली आणि खिडकीत ठेवून दिली. "संहिता नाही. सहा नट, पंधरा दिवस. नाटक तालमीतच घडवा."

'डिव्हायझिंग' हा शब्द तोवर फक्त नोट्समध्ये होता. लेखक नाही म्हणजे कच्चा माल नटांकडूनच येणार. दिग्दर्शकाने प्रश्न विचारायचा, जे येईल त्यातलं निवडायचं, बाकीचं टाकायचं. मी विषय दिला : घरात कुणीच बोललं नाही, असा दिवस.

चार दिवस नुसता आरडाओरडा निघाला. पाचव्या दिवशी एक मित्र उठला. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. २०२१च्या शेवटी सुरू झालेला संप पाचेक महिने चालला. घरात पगार नव्हता. त्याने बाकावर अदृश्य शर्ट पसरला, इस्त्री केली, खुंटीला टांगला आणि बसून राहिला. मग पुन्हा तेच. तीनदा.

मला लगेच 'सीन' दिसला. म्हटलं, "शेवटी शर्ट कवटाळून रड. मागे घोषणा आणू." त्याने केलं. टाळ्या पडल्या.

नंतर बुटाची लेस बांधत तो म्हणाला, "बाबा रडले नव्हते गं. हे तुझ्या वहीतलं झालं."

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. त्याचं घर मी माझ्या मार्कांसाठी वापरत होते.

दुसऱ्या दिवशी रडणं काढलं, घोषणा काढल्या. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधली (१९७२) माणसांची भिंत वर्गात शिकलो होतो; ती पाठमोरी झाली की पडदा होते. उरलेल्या पाच जणांना तसंच पाठमोरं उभं केलं. प्रत्येक इस्त्रीनंतर भिंत एक पाऊल मागे, त्याच्याकडे सरकायची. बस. शेवटी बाकापुरतीच जागा उरायची.

मग विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं : "हे दाखवलेलं बाबांना चालेल?"

त्याने तिथूनच फोन लावला, सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग त्याने स्पीकर सुरू केला.

"खिसा आधी करतोस होय? कॉलर आधी, मग बाह्या. खिसा शेवटी."

आम्ही क्रम बदलला.