कॅमेरा की सॉफ्टवेअर?

आमच्या घरात निकाहाचं काम दोघांत वाटलेलं आहे. पुरुषांकडचे फोटो मी काढतो, बायकांकडचे माझी मुलगी. तिथं पुरुष फोटोग्राफर नको असतो, म्हणून मिरजेत तिला काम मिळतं. त्या कमाईतून तिच्या बी.एड.ची फी जाते. त्यामुळे नवं सामान घ्यायचं म्हणजे त्याच फीच्या पैशाला हात लावायचा.

तिच्याकडे माझा जुना निकॉन डी-९० आहे. २००८ साली बाजारात आलेला, बारा मेगापिक्सेलचा. उन्हात त्याची काही तक्रार नाही. अडचण होते ती कार्यालयाच्या मागच्या खोलीत. दोन ट्यूबलाइट, आणि म्हाताऱ्या खाला सांगतात, "बेटी, तोंडावर फ्लॅश मारू नकोस." मग आयएसओ १६०० आणि १/३० सेकंद. फोटोत दाणे येतात आणि मेंदीचा हात जरा हलला की नक्षी पुसट होते.

भाचा म्हणाला, "मामू, कॅमेरा राहू द्या, सॉफ्टवेअर बदला." लाइटरूम क्लासिकमध्ये २०२३ साली दाणे काढून टाकणारी नवी सोय आली. त्यानं आमचाच एक फोटो घेऊन करून दाखवलं. दाणे खरोखर गेले. पण नक्षी पुसटच राहिली. दाणे प्रकाशाच्या कमतरतेचे. पुसटपणा हात हलल्याचा. पहिल्यावर सॉफ्टवेअरचा इलाज चालतो, दुसऱ्यावर फारसा नाही.

शिवाय खर्च तिथं थांबत नाही. आमचं लाइटरूम ६ हे २०१५ सालचं, एकरकमी विकत मिळालेलं शेवटचं. त्यापुढचं सगळं भाड्यानं. भाडं थांबलं की फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण त्यांच्यावर काम करायचा विभाग बंद होतो. त्या नव्या सोयीला ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणजे संगणकही नवा. काम मात्र लग्नसराईपुरतंच. भाडं बारा महिन्यांचं.

मग नवा मिररलेस घ्यावा का? त्याचा आवाज बंद करता येतो, दुआच्या वेळी ते बरं. पण आमची ५० मिलिमीटरची जुनी डी लेन्स निकॉनच्या अडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाही, आणि नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली लाइटरूम ६ थेट उघडत नाही. एक वस्तू बदलली की तिघींना बदलावं लागतं.

मुलीनं स्वतः हिशेब मांडला. जुन्या बाजारातला डी-७५०. २०१४ सालचा, पण सेन्सर डी-९० च्या दुपटीहून मोठा. ५० ची लेन्स त्यावर चालते, लाइटरूम ६ त्याच्या फाइली उघडतं. आयएसओ ६४०० ला फोटो स्वच्छ येतो, म्हणजे तेवढ्याच उजेडात १/३० ऐवजी १/१२५ सेकंद मिळतो. किट लेन्स मात्र बाद. ती लावली तर जेमतेम दहा मेगापिक्सेल उरतात.

मी म्हटलं, "फीचं काय?"

ती म्हणाली, "अब्बा, दुसरा हप्ता जानेवारीत आहे. तोवर चार निकाह आहेत. आणि त्या बायका मला फोटो काढू देतात ते विश्वासावर. त्यांना पुसट हात द्यायचे का?"

शटर किती वेळा उघडलं ते तपासून, दिवसभर चालवून बघून, आम्ही तो घेतला. डी-९० आता माझ्याकडे आला आहे. पुरुषांकडे उजेड बरा असतो.