महाड, एक बंदर

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडहून एसटीने महाडात आलो. इथे चवदार तळ्यावर, १९२७च्या सत्याग्रहाच्या जागी, लोक नतमस्तक होतात. बाकीचे रायगडाची गाडी पकडतात. बंदर पाहायला मात्र कोणी येत नाही. येणार तरी काय बघायला! सावित्रीतून बाणकोटच्या खाडीमार्गे गलबतं यायची, हे आज गाळाकडे बघून खरं वाटत नाही.

गांधारपाल्याच्या लेण्यांत बसलो की पटतं. डोंगर कोरून भिक्षूंना निवारा द्यायला पैसा लागतो, आणि तो अशा घाटमाथा-समुद्र वाटेवरच्या व्यापारातून येतो. मग व्यापारावरच वाढलेलं चीनचं छ्वानचौ बंदर आठवलं. तिथे तमिळ व्यापाऱ्यांनी घडवलेली हिंदू शिल्पं आहेत, आणि २०२१ साली ते बंदर जागतिक वारसा यादीत गेलं.

आमच्या पाचाडाचंही नातं परदेशी पाहुण्यांशी आहेच. १६७४च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन इथेच मुक्काम ठोकून होता, कारण शिवाजी महाराज प्रतापगडावर होते. (वकिलालाही उकाडा चुकला नसणार.)

रायगडाला येणाऱ्यांनो, जिजाऊंच्या समाधीला वंदन कराच; पण परतताना अर्धा दिवस महाडच्या नदीकाठालाही द्या.