रिद्धपूरचे तिकीट



पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस आपणही बहुधा माझ्यासारखेच घालविले असतील. पुस्तकांना वर्तमानपत्राची वेष्टने घातली, पहिल्या पानावर नाव लिहिले आणि ती कपाटात ठेवून दिली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो. अमरावती जिल्ह्यात एस.टी.त वाहकाची नोकरी करीत होतो. धाकटी मुलगी त्याच वर्षी दहावीला होती. आगारात मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. तरी ती फुटलीच, आणि रोकड भरण्याच्या खिडकीपाशी ‘मग, साहेब कधी होता?’ हा प्रश्न नित्याचा झाला.

वेळ मिळत नाही, अशी आपल्यापैकी अनेकांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण माझ्यापुरते सांगायचे तर वेळ सापडला. मुक्कामाची गाडी रात्री गावी पोहोचे, चालक जेवून आडवा होई आणि त्यानंतर गाडीतला एक दिवा माझा असे. अडचण निराळीच होती. पान उलटले की मागच्या पानावर काय होते ते आठवत नसे. वीस वर्षे मी परिपत्रके आणि वर्तमानपत्रे वाचली होती. एखाद्या वाक्यापाशी थांबून त्याला प्रश्न विचारण्याची सवय पार मोडून गेली होती. पेन्सिल घेऊन वाचावे, असे कोणीतरी सुचविले. तसे केले, तर पहिल्या दोन पानांवरील सगळ्याच ओळी अधोरेखित झाल्या.

पहिला गृहपाठ ‘लीळाचरित्रा’च्या भाषेवर होता. मी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद सुवाच्य अक्षरात उतरविले, बाजारातील मार्गदर्शकातून चार भारदस्त वाक्ये त्यांत मिसळली आणि अभ्यासकेंद्रात वही देऊन आलो. पुढच्या रविवारी संपर्कसत्रात ती परत मिळाली. समासात समंत्रकांनी लिहिले होते : ‘हे सर्व पुस्तकात आहे. आपल्याला काय दिसले?’

मला राग आला. खरे तर रागापेक्षा लाज अधिक वाटली. सुट्या पैशांवरून, जागेवरून, पावसापासून निवडणुकीपर्यंत कशावरूनही अर्ध्या तालुक्याशी वाद घालणारा मी. आणि आठ पानांच्या उत्तरात माझे म्हणावे असे एकही वाक्य नव्हते. पुस्तके आता कपाटातच राहू द्यायची, असे मनाशी ठरवून घरी आलो. मुलीने वही चाळली. ‘बाबा, आमच्या बाईपण असंच लिहितात,’ एवढेच ती म्हणाली आणि आपल्या भूमितीकडे वळली.

त्या आठवड्यात पुस्तक पुन्हा उघडले ते अभ्यासासाठी नव्हे, चरफडत. तेव्हा एक नाव प्रथमच नीट दिसले : रिद्धपूर. आमच्या जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव माझ्या फेरीतच होते. ते नाव मी दिवसातून दोनदा मोठ्याने पुकारीत असे. काळी वस्त्रे ल्यालेले महानुभाव साधू तेथे चढत-उतरत, त्यांच्या झोळ्यांसाठी मी जागा करून देई. गोविंदप्रभूंचे हे गाव. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसांकडून विचारून विचारून गोळा केल्या, त्या कामाशी जोडलेलेही हेच गाव. म्हाइंभट संस्कृतचे जाणकार, तरी ग्रंथ मराठीत झाला. पंथाचे आचार्य नागदेव यांनी तर केसोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले होते. तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची काळजी होती. हे सारे पहिल्या गृहपाठात मी माझ्याच हाताने लिहिले होते. उतरवून काढताना ते माझ्या गावाविषयी आहे, हे ध्यानातही आले नव्हते.

महिन्यातून एकदोनदा एक आजी रिद्धपूरला जात. गाडी सुटायला अवकाश होता आणि मी पुस्तक उघडून बसलो होतो. ‘काय वाचून राह्यला, बापू?’ त्यांनी विचारले. मी सांगितले. ‘मंग वाच ना मोठ्यानं.’ मी वाचू लागलो आणि ‘बिढार’ या शब्दाशी अडलो. पाठाखालच्या टिपांत तो नव्हता. ‘बिऱ्हाड नाही का रे बाप्पा! उतरायची जागा,’ आजी म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढची लीळा मात्र त्यांनी मी न वाचताच सांगितली. कोशात पाहिले, तर अर्थ तोच. माझी मुक्कामाची गाडी म्हणजे माझे बिढारच होते.

दुसऱ्या गृहपाठात मी हे सर्व उत्साहाने लिहिले. आता शाबासकी मिळेल, अशी खात्री होती. समंत्रकांनी वही पुढे सरकविली आणि म्हणाले, ‘आजींचे सांगणे उत्तम. पण उताऱ्यात हे कोठे दिसते? वाक्ये किती आखूड आहेत, कोण कोणाशी कसे बोलते, ते दाखवा.’ गुण बेताचेच होते. या वेळी राग आला नाही. तो उतारा मी सात-आठ वेळा वाचला. लिहिणारा स्वतः मध्ये न येता माणसांना बोलू देतो, हे पाचव्या वाचनाला दिसले. कोणत्याही मार्गदर्शकातून न उचललेले माझे पहिले वाक्य त्याविषयीचे होते. ते फार चांगले नव्हते. खोडाखोड करून तीनदा लिहिले होते.

आपल्या रोजच्या कामातले, बोलीतले, घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे असे काही ना काही या पुस्तकांत आपल्याला भेटेल. ते भेटले की तेथे थांबावे. पण पुन्हा उताऱ्याकडे यावे. मला या येण्याजाण्यातच ते वर्ष लागले, आणि इतर विषयांकडे त्यामुळे थोडे दुर्लक्षही झाले, हे कबूल केले पाहिजे.

परीक्षेनंतर आजी पुन्हा भेटल्या. ‘पास झाला का, बापू?’ निकाल लागायचा होता, तसे सांगितले. ‘मंग तवरिक पुढचं वाच,’ असे म्हणून त्या खिडकीशी सरकून बसल्या आणि त्यांनी रिद्धपूरचे अर्धे तिकीट मागितले.